सावित्रीकडून कृष्णेकडे

भाद्रपदाच्या अखेरीस पोलादपूरच्या बसस्थानकावर सकाळी सातच्या सुमारास उभे राहिले, म्हणजे एक प्रश्न दर दोनचार मिनिटांनी कानी पडतो. विचारणारा कधी भाताच्या कापणीपूर्वी देशावरच्या लेकीला भेटून येऊ पाहणारा म्हातारा असतो, कधी मिठाच्या मासळीची पाटी डोक्यावर घेतलेली बाई असते, तर कधी वरच्या शाळेवर नेमणूक झालेला तरुण मास्तर असतो. विचारला जातो तो कंडक्टरला, चहाच्या टपरीवाल्याला, किंबहुना वरून नुकत्याच उतरलेल्या कोणाही परक्या माणसाला: ‘घाट चालू हाय का?’ प्रश्नात चिंता नसते आणि कुतूहलही नसते. पावसाळ्यात आकाशाकडे पाहावे तितक्या सहजतेने तो विचारला जातो, आणि उत्तर मिळाले की माणसे गाडीत चढतात किंवा बोचके उचलून घरी परततात.

ज्या रस्त्याविषयी ही पृच्छा होते, तो पोलादपूरपासून आंबेनळीचा घाट चढून प्रतापगडाच्या पायथ्याशी वाडा-कुंभरोशीस येतो, तेथून पुन्हा उंच उठून महाबळेश्वर गाठतो, पठारावरून पाचगणीस जातो, पसरणीच्या घाटाने वाईस उतरतो आणि सुरूरला पुणे-साताऱ्याच्या हमरस्त्यास मिळतो. त्याची लांबी सारी मिळून सुमारे ऐंशी किलोमीटर. बांधकाम खात्याच्या दफ्तरात त्याचे क्रमांक वेळोवेळी बदलत आले. त्या क्रमांकांची उठाठेव येथे नको. मात्र ‘राज्यमार्ग’ हा शब्द ज्या वर्गवारीतून आला, ती १९४३ साली नागपुरास भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेत ठरली आणि तिच्यामुळे देशातील रस्त्यांना राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा व ग्राम अशी प्रतवारी लाभली, एवढे सांगितले पाहिजे. प्रतवारी लावणे हे राज्यकारभाराचे कामच आहे. परंतु मनुष्याच्या पायांनी जी वाट शतकानुशतके मळली, तिचे वय अशा वर्गवारीत कोठेच नमूद होत नाही.

या रस्त्याने प्रवास करणारे बहुसंख्य लोक पुण्यामुंबईहून येतात, सुरूरला वळतात, वाई ओलांडतात आणि महाबळेश्वरला थांबतात. त्यांच्या दृष्टीने रस्ता तेथेच संपतो. पुढचा चाळीस किलोमीटरांचा उतार म्हणजे फार तर प्रतापगडापर्यंतची एक सकाळ. मी मुद्दाम उलट दिशेने निघालो, कारण माझ्या समजुतीप्रमाणे या मार्गाचा खालचा अर्धा भाग हा वरच्या अर्ध्याहून वडील आहे, आणि वडिलांची विचारपूस आधी करावी, हा आपल्याकडचा शिरस्ता आहे.

पोलादपूर हे सावित्रीच्या खोऱ्यातले गाव. येथे कवींद्र परमानंदांची समाधी आहे. शिवछत्रपतींच्या हयातीतच संस्कृतात ‘शिवभारत’ रचणाऱ्या या कवीची स्मृती मुंबई-गोव्याच्या वाहत्या रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर निवांत पडलेली आहे. गाव मागे टाकून कापड्याच्या बाजूने रस्ता डोंगराच्या अंगास लागला, की भातखाचरे एकेक पायरी खाली राहू लागतात, समोरची डोंगरभिंत जवळ येते आणि ती पाहताच घाट हा शब्द आपल्या भाषेत पायऱ्यांनाही आणि डोंगरातील वाटांनाही का लावला जातो, याचा उलगडा मनोमन होतो. ही चढण एका दमाची नाही. आंबेनळीने आपण सावित्रीचे खोरे सोडतो व खिंडीपलीकडे कोयनेच्या उगमाकडच्या खोऱ्यात शिरतो. तेथे वाडा-कुंभरोशीला क्षणभर सपाटीचा भास होतो, आणि मग दुसरी चढण सुरू होऊन मेटतळ्यावरून महाबळेश्वरच्या कड्यावर नेते. समुद्राकडून देशावर येणाऱ्यास निसर्गाने येथे दोन उंबरठे घातले आहेत, आणि या दोन उंबरठ्यांमधला जो अंधारा, अरण्यमय ओटा, त्याचे नाव जावळी.

जावळीचे महत्त्व तेथील जमिनीच्या उत्पन्नात कधीच नव्हते. महाडच्या बाजूने येणारे मीठ, सुकी मासळी, नारळ आणि वाईच्या बाजूने उतरणारे धान्य, गूळ, मिरची, हळद ही सारी बैलांच्या पाठीवरून ज्या पारघाटाने जात, त्या पारघाटाची कुलपे जावळीकर मोऱ्यांच्या हाती होती; ज्याच्या हाती घाट, त्याच्या हाती जकात आणि ज्याच्या हाती जकात, त्याच्या शब्दास दरबारात वजन, असा तो हिशेब होता. १६५६ साली शिवाजीराजांनी चंद्रराव मोऱ्यांकडून जावळी घेतली आणि लगोलग मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली भोरप्याच्या डोंगरावर प्रतापगड बांधविला, त्यामागे हाच हिशेब होता. गड बांधताना राजांनी जी जागा निवडली, ती आजच्या रस्त्यावरून पाहताना मनात येते, की एखाद्या निष्णात स्थापत्यविशारदाला या मार्गावर नाके बसविण्यास सांगितले असते, तर त्यानेही याच डोंगरावर बोट ठेवले असते.

पार हे गाव आजच्या राज्यमार्गापासून थोडे आत, कोयनेच्या काठी आहे. रामवरदायिनीचे देऊळ आणि शिवकाळातील म्हणून दाखविला जाणारा, अजूनही वापरात असलेला दगडी पूल, एवढ्या दोन गोष्टींसाठी तरी प्रत्येक वाटसरूने वाट वाकडी करावी असे माझे मत आहे. अफझलखान वाईस तळ देऊन होता. तो आपल्या फौजेनिशी महाबळेश्वरचे पठार ओलांडून रडतोंडीच्या घाटाने उतरला तो या पारालाच, आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी जे घडले, ते प्रत्येक मराठी मुलास ठाऊक आहे. मला त्या प्रसंगापेक्षा त्या आधीची उतरण अधिक विचार करावयास लावते. हत्ती, उंट, तोफा, तंबू, बाजारबुणगे असा सारा सरंजाम रडतोंडीसारख्या नावाच्या वाटेने खाली आणावयाचा, म्हणजे युद्ध सुरू होण्यापूर्वीच रस्त्याने निम्मा निकाल दिलेला होता. खान वाईचा माजी सुभेदार असल्याने त्यास प्रदेश अपरिचित नव्हता. परंतु वाईहून डोंगराकडे पाहणे वेगळे आणि डोंगराच्या पोटात उतरून वाईकडे पाहणे वेगळे.

येथे एका शब्दाविषयी लिहिल्यावाचून मला पुढे जाववत नाही. गडकोटांच्या परिभाषेत ‘मेट’ म्हणजे वाटेवरची किंवा गडाच्या घेऱ्यातली चौकी. तेथे पहारेकरी राहत, येणाऱ्याजाणाऱ्याची झडती घेत आणि रात्री आगटी पेटवीत. आता या रस्त्यावरची गावे पाहा: महाबळेश्वरच्या खाली कोकणच्या अंगास मेटतळे, आणि महाबळेश्वरच्या पुढे पाचगणीच्या अंगास मेटगुताड. पठाराच्या दोन्ही दारांशी एकेक मेट. याविषयी माझ्यापाशी कागदोपत्री पुरावा नाही, हे कबूल केले पाहिजे; तथापि गावाची नावे ही कोणी पुसू न शकलेली दफ्तरे असतात, असा माझा अनुभव आहे, आणि आज जेथे मक्याची कणसे व स्ट्रॉबेरी विकली जाते, तेथे एकेकाळी कोणी भालाईत ‘कोण आहे?’ म्हणून हाकारत असेल, हे मानावयास माझे मन राजी होते.

खानाच्या त्या उतरणीनंतर सुमारे एकशे पासष्ट वर्षांनी या मार्गाचे तोंडच फिरले. १८२४ साली लॉडविक नावाचा लष्करी अंमलदार या कड्यांवर चढून आला. त्यानंतर दोन वर्षांनी साताऱ्याचा रेसिडेंट ब्रिग्ज याने येथे घर बांधले आणि छत्रपती प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याहून मेढ्यावरून वरपर्यंत गाडीरस्ता करण्याविषयी गळ घातली. महाराजांनी तो रस्ता केला. पुढे मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२९ च्या तहान्वये वाई प्रांतातील खंडाळा गाव महाराजांना देऊन हे पठार कंपनी सरकारकडे घेतले, आणि आजारी गोऱ्या शिपायांसाठी हवा खाण्याचे ठिकाण वसविले. बाजारपेठेस नाव पडले माल्कमपेठ. या हकीकतीत मला एक गोष्ट नेहमी सलते. ज्या प्रतापसिंहांनी रस्ता बांधून दिला आणि डोंगर हवाली केला, त्यांनाच कंपनी सरकारने १८३९ साली पदच्युत करून काशीस धाडले, आणि १८४७ साली त्यांचा तेथेच अंत झाला. महाबळेश्वरच्या बहुतेक टोकांना साहेबांची नावे मिळाली; महाराजांच्या नावाने येथे कोणते टोक आहे, असे एखाद्या प्रवाशाने विचारले, तर वाटाड्याला थोडा वेळ थांबावे लागते.

वसाहतीतले आणि टोकांकडे जाणारे रस्ते ज्यांनी फोडले, त्यांची नावे तर कोणासच ठाऊक नाहीत. १८३४ पासून १८६४ पर्यंत महाबळेश्वरी एक तुरुंग होता व त्यात समुद्रापलीकडून आणलेले चिनी आणि मलायी कैदी ठेवलेले असत. हातापायांत बेड्या असलेल्या त्या माणसांनी जांभा खणला, झाडे तोडली, रस्त्यांची सपाटी धरली, आणि उरल्या वेळात बागाईत करून बटाटे व विलायती भाज्या पिकविल्या. त्यांच्यातले किती जण मायदेशी परतले आणि कितींची माती येथल्या मातीत मिसळली, हे सांगणारा एखादा दगड मला त्या पठारावर आजवर आढळलेला नाही.

मुंबईहून थंड हवेला येणारा साहेब त्या काळी आगबोटीने बाणकोटच्या खाडीत शिरून दासगावास उतरे व महाडवरून वर येई. म्हणजे खालची वाट अजून जिवंत होती, फक्त तिच्यावरचे ओझे बदलले होते. १८६७ ते १८७२ या काळात गव्हर्नर असलेल्या फिट्झगेराल्डच्या नावाने पुढे चाके चालतील असा नवा घाट निघाला. तोच आजचा आंबेनळी. नंतर वाठार स्टेशनापर्यंत आगगाडी आली. पाहुणे तेथे उतरून टांग्याने वाई-पाचगणीमार्गे येऊ लागले, मोटारीने त्याच दिशेवर शिक्कामोर्तब केले आणि महाडची बाजू मागल्या दारासारखी झाली. मागल्या दाराने घरची माणसे येतात-जातात, पाहुणे येत नाहीत. म्हणून त्याची डागडुजी राहून जाते. रस्त्याचा हा भाग दोन जिल्ह्यांत विभागलेला, खालचा रायगडात आणि वरचा साताऱ्यात. त्यामुळे एकाच घाटाच्या दोन टोकांची निगा दोन वेगळ्या कचेऱ्यांच्या अंदाजपत्रकांत विखुरलेली असते.

घाटाची निगा म्हणजे नेमके काय, हे मला कुंभरोशीच्या बाजूला भेटलेल्या एका निवृत्त मैलकुल्याने समजावून दिले. मैल जाऊन किलोमीटर आले, सरकारी कागदांत तो ‘मैलकामगार’ झाला, पण लोकांच्या तोंडी अद्याप मैलकुलीच आहे. त्याच्या वाट्याला दोनतीन मैलांचा तुकडा होता, आणि फावडे, घमेले, कुदळ, पहार व कोयता एवढी त्याची हत्यारे. रोहिणी लागण्यापूर्वी डोंगराकडचे गटार पानापाचोळ्यासकट उपसून काढावयाचे, प्रत्येक मोरीचे तोंड मोकळे करावयाचे, साइडपट्टी मुरमाने भरून तिचा ढाळ राखावयाचा. पावसात खांद्यावर घोंगडे टाकून रोज आपला तुकडा पायी फिरावयाचा. दिवाळी उलटली, की खड्ड्यांची खडी-डांबर. ‘दादा, सर्वांत मोठी भीती कशाची?’ असे मी विचारले, तेव्हा तो वर न पाहता म्हणाला, ‘पाऊस वरनं पडतोय तवर भ्या नाय. डोंगराच्या पोटातनं पानी फुटाया लागलं आन् ते गढूळ आलं, की समजायचं, आता हलायचं.’

भूशास्त्र जे सांगते तेच त्याने आपल्या शब्दांत सांगितले. या डोंगरांचा गाभा काळ्या बसाल्टाचा; त्यावर माथ्याशी सच्छिद्र जांभ्याची टोपी आणि उतारांवर झिजलेल्या खडकाची जाड, मऊ माती. पाणी जांभ्यातून झिरपते, मातीत मुरते, आणि खालचा घट्ट पाषाण लागला, की तेथेच तुंबते. मग मातीचे वजन वाढते, पाषाणाशी असलेली तिची पकड सुटते, आणि सारा उतार एकदम खाली येतो. त्यात रस्त्यासाठी डोंगराची टाच कापलेली आणि मोरी पाचोळ्याने बुजलेली असली, म्हणजे विनाशास निमंत्रणच. एक गटार तुंबणे ही कचेरीत बसून क्षुल्लक वाटणारी बाब घाटात एखाद्या वाडीच्या आयुष्याचा प्रश्न ठरते.

२२ जुलै २०२१ च्या रात्री तो प्रश्न उभा राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजणी झाली, तेव्हा महाबळेश्वरी चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडलेला होता; देशावरच्या कित्येक तालुक्यांचा वर्षाचा वाटा तो. त्याच आपत्तीत महाड तालुक्यातील तळिये गाव दरडीखाली गेले, पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व सुतारवाडी येथेही माणसे गाडली गेली, आणि आंबेनळी घाट एका ठिकाणी नव्हे, जागोजाग तुटला. कोठे दरड आडवी पडली, कोठे रस्ताच दरीत गेला, आणि कित्येक आठवडे वर आणि खाली अशी दोन जगे झाली. त्यापूर्वी तीन वर्षे, २८ जुलै २०१८ रोजी, दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस याच घाटात दाभीळ टोकापाशी दरीत कोसळली व आतील मंडळींपैकी एकच जण वाचला. त्या वळणावर आमची गाडी आली, तेव्हा तोवर मोठमोठ्याने चाललेले संभाषण कोणी न सांगता थांबले आणि बाजूच्या एका गृहस्थांनी खिडकीबाहेर पाहत हात जोडले.

आज अतिवृष्टीचा इशारा मिळाला, की घाट बंद ठेवण्याचा हुकूम निघतो, आणि तो योग्यच आहे. परंतु मैलकुल्याच्या जागा हळूहळू नाहीशा झाल्या, त्यांचे काम ठेकेदारीत गेले, आणि ठेकेदाराचे यंत्र दरड पडल्यावर येते. दरड पडण्यापूर्वी गढूळ पाणी पाहणारे डोळे यंत्राला नसतात. हे मी गतकाळाच्या मोहाने लिहीत नाही. एका माणसाला एका तुकड्याची बारमाही जबाबदारी देण्याची जी पद्धत होती, तिच्यात या डोंगराविषयीचे ज्ञान साठत होते, आणि ते ज्ञान वेतनश्रेणीसोबत काढून टाकावे, हा व्यवहार मला आतबट्ट्याचा वाटतो.

महाबळेश्वरला रस्ता १,३७० मीटरांच्या आसपास उंचीवर असतो, आणि तेथून पुढे जे घडते त्याचा चमत्कार मला प्रत्येक खेपेस नवा वाटतो. येथे वर्षाकाठी सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. जुन्या बंगल्यांच्या भिंतींना पावसाळ्यापूर्वी गवताचे पडदे बांधीत. एकोणीस-वीस किलोमीटर पूर्वेस पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, आणि आणखी बाराएक किलोमीटरांवर वाईस हजार मिलिमीटरही भरत नाही. सकाळी मेटतळ्याच्या धुक्यात शेवाळलेला कठडा हाताला लागतो आणि दुपारी पसरणीच्या घाटात उन्हाने तापलेला. क्षेत्र महाबळेश्वरी ज्या पंचगंगेच्या मंदिरात पाच नद्यांचा उगम मानतात, तेथून सावित्री पश्चिमेच्या समुद्रास जाते आणि कृष्णा सारा दक्षिण देश ओलांडून पूर्वेच्या समुद्रास. एका देवळातून निघालेल्या या दोघी बहिणींची पुन्हा गाठ पडत नाही. त्यांना जोडून ठेवणारा असा हा रस्ताच.

पाचगणीविषयी थोडक्यात आटोपतो. चेसन नावाच्या इंग्रजाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वसविलेली ही वस्ती, तिच्या निवासी शाळा, सिल्व्हर ओकच्या रांगा आणि जांभ्याचे विस्तीर्ण टेबललँड सर्वांच्या परिचयाचे आहे. पाचगणीच्या अलीकडे भिलारला फाटा फुटतो. २०१७ साली पुस्तकांचे गाव म्हणून त्याची ओळख झाली, आणि स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांमधून चालत जाऊन कोणाच्या ओसरीवर मराठी पुस्तक उघडून बसण्याचे सुख मी तेथे घेतले आहे. पसरणी घाटाच्या वळणांवरून खाली कृष्णेचे पात्र, धोमचा जलाशय व वाईची देवळे दिसू लागतात; पायथ्याचे पसरणी गाव शाहीर साबळ्यांचे. वाईत ढोल्या गणपतीला नमस्कार करून आणि जेथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी विश्वकोशाचा प्रचंड व्यूह मांडला, त्या गावाची शांतता थोडी अंगी घेऊन मी सुरूरकडे निघालो.

वाई ते सुरूर या टप्प्यावर जुन्या वडांच्या रांगा आहेत. वाटसरूंच्या डोक्यावर सावली असावी, म्हणून ज्यांनी ते लावले त्यांनी आपल्या आयुष्यात त्या सावलीचा उपभोग घेतला नसेल. रुंदीकरणाची भाषा निघाली, की प्रथम या वडांच्या बुंध्यांकडे बोट जाते. रस्ता रुंद व्हावा, हे मलाही मान्य आहे. परंतु शंभर वर्षांचा वड हा रस्त्याचाच एक भाग आहे, मोरी किंवा पूल जितका आहे तितकाच, ही जाणीव आराखडे आखणाऱ्यांच्या ठायी उपजावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सुरूरच्या अलीकडे अशाच एका वडाखाली एक बाई भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा विकत बसल्या होत्या. साठीच्या असाव्यात. मी शेंगा घेतल्या आणि कोठून आलो ते सहज सांगितले. पोलादपूर हे नाव ऐकताच त्यांनी हातातले माप टोपलीत ठेवले.

‘कुमरोशीवरनं आलासा?’

‘हो.’

‘माझं म्हायार हाय तिथं. गडाच्या पायथ्याला. थोरला भाऊ असतो.’ क्षणभर थांबून त्यांनी विचारले, ‘घाट चालू हाय का, दादा?’

चालू आहे, असे मी सांगितले. एका ठिकाणी दरडीची माती बाजूला ओढून एकेरी वाहतूक सोडतात, तेवढे सोडल्यास गाडी थेट येते, हेही सांगितले. त्यांनी माप उचलून माझ्या पिशवीत आणखी ओंजळभर शेंगा टाकल्या, त्यांचे पैसे घेतले नाहीत, आणि दिवाळीत भाऊबिजेला जायचे म्हणून पहिली गाडी किती वाजता सुटते, ते विचारू लागल्या.